झाकली मूठ

आधी वास आला. आंबूस, ओलसर, बंद डब्यात विसरून राहिलेल्या फडक्यासारखा. खोली नुकतीच पुसलेली होती, चादर बदललेली होती, आत्याचे केस विंचरलेले होते, अंगावर धुतलेला गाऊन होता. मी खिडकी उघडली, पलंगाखाली वाकून पाहिलं, कोपऱ्यातला डबा पाहिला. कुठेच काही नव्हतं. मग तिच्या डाव्या खांद्यावरून घसरलेलं पांघरूण सारखं करायला वाकलो आणि वास एकदम नाकाशी आला. तो तिच्या मुठीतून येत होता.

अर्धांगाचा झटका आल्यापासून तिचा डावा हात कोपरात दुमडून छातीशी आलेला असतो आणि बोटं तळव्यात घट्ट मिटलेली असतात. अंगठा आत, चार बोटं त्याच्यावर. मी करंगळी जराशी उचलून पाहिली. उचलली गेली नाही. मोबाइलचा टॉर्च लावला आणि बोटांच्या फटीतून आत पाहिलं. तळव्याची कातडी पांढरीफटक पडली होती, फार वेळ पाण्यात राहिल्यावर पडते तशी. मधल्या बोटाचं नख तळव्यात रुतलं होतं. रक्त नव्हतं. रुतून रुतून तिथे नखाच्या आकाराची एक खाच झाली होती आणि तिची कड लाल होती.

पलंगाच्या पायथ्याशी फाइल लटकवलेली असते. ती उघडली. चालू महिन्याचा तक्ता. 'वैयक्तिक स्वच्छता' या रकान्यात रोजची टिक होती, एकही दिवस रिकामा नाही. 'नखे' या रकान्यात दर रविवारी टिक. मी तिचा उजवा हात हातात घेऊन पाहिला. नखं खरोखरच कापलेली होती. नीट, गोलाईत, कडा घासून गुळगुळीत केलेली.

म्हणजे टिक अगदीच खोटी नव्हती.

मला संताप आला. पण तो नीट यायच्या आत दुसरंही काहीतरी आलं. मी दर शनिवारी इथे, आत्या राहते त्या सेवा-निवासात, येतो. तास-दीड तास बसतो. कुठे बसतो? तिच्या उजवीकडे. खुर्ची तिथेच असते, कारण ती उजवीकडेच बघते. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की कित्येकांचं असं होतं. नुसतं डावं अंग लुळं पडत नाही, डावी बाजू जगातूनच पुसली जाते. डोळे शाबूत असतात, पण लक्ष तिकडे वळत नाही. ताटातलं उजवीकडचं संपतं, डावीकडचं तसंच राहतं. घड्याळ काढायला सांगितलं तर बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीनं येऊन बसतात. आत्यानं काढलेलं तसलं घड्याळ मी पाहिलंय. डावा हात दुखतो का असं विचारलं तर ती अगदी मनापासून 'नाही' म्हणते. एकदा तर त्या हाताकडे बघून मलाच म्हणाली होती, "हा कुणाचा हात ठेवलाय इथे?" डॉक्टर म्हणाले, होतं असं. कुणाला तो हात नवऱ्याचा वाटतो, कुणाला मुलाचा, कुणाला परक्याचा. वाद घालू नका. मी वाद घातला नाही. खुर्ची उजवीकडे ओढली आणि उजवा हात हातात घेऊन गप्पा मारत राहिलो. तिनं तो हात सोडून दिला तो आजारामुळे. मी सोडून दिला तो सोयीमुळे.

लहानपणी माझी नखं आत्या कापायची. आंघोळ झाल्या झाल्या, कारण तेव्हा ती मऊ असतात. मला पायरीवर बसवायची आणि आपल्या डाव्या हाताच्या अंगठ्यात नि तर्जनीत माझं एकेक बोट वेगळं धरायची. बाकीची बोटं तिच्या मुठीत, म्हणजे मी हात ओढला तरी इजा व्हायला नको. ती पकड मला अजून आठवते. घट्ट, आणि तरी न दुखणारी. ती शाळेत शिकवायची. खडू धरून धरून तिच्या उजव्या हाताची बोटं खरबरीत झाली होती, डावा हात मात्र मऊ होता. नेलकटर लावण्याआधी ती दर वेळी विचारायची, "कुठल्या बोटापासून?" मी दर वेळी करंगळी सांगायचो. उत्तर ठरलेलं होतं, तरी तिनं विचारायचं कधी टाळलं नाही. त्या वयात मला विचारून होणाऱ्या गोष्टी फार थोड्या होत्या. उठायची वेळ, झोपायची वेळ, कपडे, सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं. नखं तेवढी माझ्या शब्दावर सुरू व्हायची.

त्या शनिवारी मी कार्यालयात जाऊन आवाज चढवला. पर्यवेक्षक बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, फाइल मागवली, पानं उलटली. "आंघोळ रोज होते. सही आहे बघा." मी मुठीचं पुन्हा सांगितलं. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मूठ उघडत नाही त्यांची. जोर केला तर ओरडतात. मग मुलींनी काय करायचं? दोनदा 'नकार दिला' असं लिहिलंय इथे." ते खरं होतं. तारखेसमोर, बारीक अक्षरात, दोन ठिकाणी लिहिलेलं होतं. आणि मग त्या जे बोलल्या ते मला त्या वेळी सारवासारव वाटलं होतं. नंतर कळलं की खरी गोष्ट तीच होती. "सकाळपाळीच्या मावशी दीड महिना रजेवर आहेत. त्या असल्या की बाईंचं सगळं नीट होतं."

म्हणजे मूठ उघडली जात होती. रोज. पण ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. तक्त्यात 'मूठ' असा रकाना नव्हता आणि मावशींनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या लेखी ते सांगण्यासारखं नव्हतंच. आंघोळ घालायची म्हणजे हात धुवायचा, हात धुवायचा म्हणजे मूठ उघडायची. त्या रजेवर गेल्या आणि त्यांच्याबरोबर आणखी कितीतरी गोष्टी रजेवर गेल्या. गाऊन घालताना लुळा हात बाहीत आधी घालायचा आणि काढताना शेवटी काढायचा. उठवताना काखेत हात घालून ओढायचं नाही, लुळा खांदा खोबणीतून निसटतो. यातलं काही कुणी मुद्दाम थांबवलं नाही. जिच्या हातात ते होतं ती जागेवर नव्हती, इतकंच. टिका मात्र एका दिवसासाठीही थांबल्या नाहीत.

मावशी परतल्या त्या सकाळी मी रजा काढून गेलो. आंघोळीच्या वेळी मी कायम बाहेर थांबत आलोय. पुरुष आहे, भाचा आहे, थांबायलाच हवं. पण त्यामुळे दाराआड काय होतं याबद्दल माझ्याजवळ फक्त टिका होत्या. त्या दिवशी मावशी म्हणाल्या, आंघोळ झाल्यावर हात बाहेरच धुते, तुम्ही बसा. हातापुरती मला परवानगी मिळाली.

त्यांनी कोमट पाण्याची परात आणली, स्वतःचं मनगट बुडवून पाहिलं. "त्यांचा हात घालून नाही बघायचा. त्यांना चटका कळतच नाही." स्टूल घेतलं ते डावीकडे. मी नकळत उजवीकडे सरकलो होतो. त्या बसल्या, आत्याच्या चेहऱ्याच्या पातळीला आपला चेहरा आणला आणि थांबल्या. काहीही न करता थांबल्या. आत्याची मान हळूहळू, जडपणे, जवळजवळ सरळ झाली. "बाई, मी आले." 'आजी' नाही. बाई. "डावा हात धुवायचाय. घेऊ का?" आत्यानं पापणी मिटली. मावशींनी एक तळवा तिच्या कोपराखाली नेला, दुसरा मनगटाखाली. वरून पकडलं नाही, खालून आधार दिला. मला वाटलं आता बोटं सोडवतील. त्यांनी बोटांना हातच लावला नाही. त्यांनी मनगट आणखी आत वाकवलं, आधीच वाकलेलं मनगट अजून थोडं, आणि बोटं आपसूक ढिली पडली. "बोटं ओढायची नाहीत. ओढली की ती जास्त आवळतात. मनगट वाकवायचं, बोटं आपली आपण येतात."

हे स्वतःच्या हातावर करून पाहण्यासारखं आहे. हात सैल सोडून मनगट खाली पडू द्यावं, बोटं जराशी उघडतात. मनगट वर उचलावं, बोटं मिटू लागतात. बोटं मिटवणारे स्नायूबंध मनगटावरून जातात. मनगट आत वाकलं की त्यांना ढील मिळते, सरळ झालं की ते ताणले जातात. ज्या मुलींना मूठ उघडता येत नव्हती त्या बिचाऱ्या आधी मनगट सरळ करत होत्या आणि मग बोटं ओढत होत्या. म्हणजे एका हातानं कुलूप लावून दुसऱ्या हातानं दार ढकलत होत्या. आत्या ओरडायची. तिला न जाणवणाऱ्या हातातही ओढीची कळ कुठून तरी पोचत असणार. आणि फाइलमध्ये लिहिलं जायचं, 'नकार दिला'.

अंगठा सगळ्यात अवघड. तो टोकाला धरून नाही, बुडाशी धरून बाहेर काढायचा. मग हात पाण्यात. मावशींनी काही चोळलं नाही, नुसता तळवा पाण्याखाली धरून ठेवला. पाणी ढगाळ झालं. दोन बोटांमधल्या बेचक्यांत मऊ कापडाचं टोक फिरवलं, एकेका बेचक्यात वेगळं. नख मऊ झाल्यावर कापलं, फार आतपर्यंत न नेता. मग वाळवणं. त्यातच अर्ध्याहून जास्त वेळ गेला. टॉवेल टेकवायचा, उचलायचा, पुन्हा टेकवायचा. "धुणं सोपं असतं हो. वाळवणंच कुणी करत नाही. ओलं राहिलं की परत तेच." शेवटी मऊ कापडाची गुंडाळी तळव्यात ठेवली, म्हणजे नख पुन्हा कातडीला लागणार नाही. मध्ये एकदा आत्या कण्हली. मावशींनी हात सोडलाही नाही आणि पुढेही नेला नाही. तसाच धरून बसल्या, कण्हणं थांबेपर्यंत. मी घड्याळ पाहिलं नव्हतं, पण समोर भिंतीवर होतं. पंचवीस मिनिटं झाली होती.

त्या फाइलच्या पहिल्याच पानावर आत्याचं एक मोजमाप आहे. आंघोळ, कपडे, शौचालय, उठणं-बसणं, मलमूत्रावर ताबा, जेवण. सहा गोष्टी, प्रत्येकीला एक गुण. ही यादी अमेरिकेतले डॉक्टर सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केली, आणि जगभरच्या निवासांत नि रुग्णालयांत ती आजही वापरली जाते. आत्याला सहापैकी दोन गुण आहेत. कॅट्झ यांना एक गोष्ट दिसली होती: या क्षमता सहसा एका ठरावीक क्रमानं जातात. आंघोळ आधी, स्वतःच्या हातानं जेवणं सगळ्यात शेवटी. आणि लहान मूल ज्या क्रमानं या गोष्टी शिकतं त्याच्याशी याचं साम्य आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते हृद्य वाटलं. आता त्याची थोडी भीती वाटते. कारण क्रम मुलासारखा आहे म्हटलं की माणूसही मुलासारखं आहे असं म्हणायला एक पायरीच उरते, आणि ती पायरी आपण सहज उतरतो. "चला आजी, आता आपण मस्त आंघोळ करायची हं! शहाण्या ना तुम्ही?" हे 'आपण' फार विचित्र असतं. आंघोळ एकालाच घातली जाणार असते, कपडे एकाचेच निघणार असतात. चाळीस वर्षं वर्गासमोर उभी राहिलेली बाई हे ऐकून तोंड फिरवते, आणि तिचं तोंड फिरवणं लक्षणांच्या यादीत जातं. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांची सेवा होत असतानाचं चित्रण तपासून संशोधक क्रिस्टीन विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिलं की असल्या लाडिक बोलण्यानंतर प्रतिकार वाढतो आणि साध्या, मोठ्या माणसाशी बोलावं तशा बोलण्यानंतर तो कमी असतो. मावशींनी ते वाचलेलं नाही. आत्याला पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, तुम्हाला काय म्हणू?

'नकार' या शब्दाशी माझं मात्र अजून जुळत नाही. तिला नको असेल तर नको, हे मला पटतं. आपल्या अंगाला कुणी हात लावावा आणि कधी लावावा हे ठरवणं ही शेवटची मालकी आहे. घर गेलं, स्वयंपाकघर गेलं, दाराची किल्ली गेली, तरी ही उरते. पण 'नको' या एका शब्दात किती गोष्टी दडलेल्या असतात. आत्ता थंडी वाजतेय. आत्ता झोप येतेय. तू नको, दुसरं कुणीतरी. मला लाज वाटते. मला कळलंच नाही तू काय विचारतेयस. यातलं कुठलं 'नको' आहे हे शोधायला वेळ लागतो, आणि 'नकार दिला' लिहायला क्षणही लागत नाही. मावशी 'नको' ऐकलं की 'बरं' म्हणतात आणि जातात. वीसेक मिनिटांनी दुसऱ्याच कामाच्या निमित्तानं येतात, केसांना फणी लावतात आणि मग विचारतात. बहुतेकदा होतं. एका शनिवारी मात्र आत्या तीनदा 'नको' म्हणाली. तिसऱ्यांदा मीच म्हणालो, मावशी, करून टाका हो, तिला काय कळतंय. मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याची परात उचलून घेऊन गेल्या. त्या दिवशी हात धुतला गेला नाही. दुसऱ्या दिवशी थोडा वास होता. मला अजूनही सांगता येणार नाही की कुणाचं बरोबर होतं. एवढं कळतं की 'तिला काय कळतंय' हे वाक्य मी बोललो होतो, त्या नाही.

शेजारच्या खोलीत एक तिशीतला मुलगा राहतो. मुलगा म्हणतो मी, खरं तर माणूस. त्याला बौद्धिक अपंगत्व आहे. तो स्वतःचे दात स्वतः घासतो, पण सावकाश. ब्रशवर पेस्ट लावायलाच त्याला दोन मिनिटं लागतात, मग प्रत्येक बाजू, मग आरशात बघणं, मग पुन्हा एक बाजू. पंधरा मिनिटं धरा. त्या सकाळी दार उघडं होतं आणि सकाळपाळीतलीच दुसरी मुलगी त्याचे दात घासून देत होती. दोन मिनिटांत. चांगले घासून दिले तिनं, उग्र बोलली नाही, तोंड पुसून दिलं. तो तिच्या हाताकडे नजर लावून होता, आपला ब्रश दुसऱ्याच्या हातात कसा चालतो ते बघत. टॉम किटवुड नावाचे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ होते, स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांच्या सेवेवर त्यांनी बरीच वर्षं काम केलं. माणसाचं माणूसपण कमी करणाऱ्या वागण्याची त्यांनी जी यादी केली, त्यात धाकदपटशा, टिंगल यांच्या बरोबरीनं एक गोष्ट होती: समोरच्याला झेपणार नाही इतक्या वेगानं काम उरकणं. आणि त्यांचा आग्रह असा की हे करणारी माणसं दुष्ट नसतात.

मी मनातल्या मनात त्या मुलीला बोल लावत परत फिरलो, आणि मग हिशेब लागला. सकाळपाळीत दोघी असतात. मावशींच्या वाट्याला सहा ते नऊ या वेळात अकरा माणसं. एकशे ऐंशी भागिले अकरा, सोळा मिनिटं आणि वर थोडी. त्यात उठवणं, शौचालय, आंघोळ, कपडे, केस, दात. आत्याच्या एका मुठीला पंचवीस मिनिटं लागली होती. ती कुठून आली? त्या दिवशी मावशींच्या यादीतली दोन माणसं दुसरीनं घेतली होती, बाईंचे भाचे आलेत म्हणून. शेजारचा तो मुलगा त्यातला एक होता.

हे कळल्यावर मी बराच वेळ जिन्यात उभा होतो.

आपल्या माणसाची सेवा चांगली व्हावी म्हणून भांडणारा प्रत्येक नातेवाईक हे करतो का? म्हणजे चादर एकच असते आणि आपण आपल्या बाजूला ओढतो. भांडायचं नाही असं मी म्हणत नाही. मी त्या शनिवारी भांडलो नसतो तर कदाचित आणखी आठवडा गेला असता. पण माझं भांडण 'आत्याची मूठ उघडा' एवढंच होतं. 'सकाळी तिसरं माणूस ठेवा' असं मी नंतर म्हणू लागलो, आणि ते म्हणायला एकटा पुरत नाही, इतर नातेवाइकांना फोन करावे लागतात, ज्यांचं कुणीच येत नाही त्यांच्यासाठीही बोलावं लागतं. ते चालू आहे. तिसरं माणूस अजून आलेलं नाही.

इव्ह जिनेस्त आणि रोझेत मारेस्कोती ही फ्रान्समधली जोडी मूळची शारीरिक शिक्षण शिकलेली. १९७९ मध्ये ते दोघं रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांना शिकवायला गेले. काम होतं रुग्णांना उचलताना, हलवताना पाठ कशी सांभाळायची ते सांगणं. म्हणजे सुरुवात सेवा करणाऱ्यांच्या दुखण्यापासून झाली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तिथून पुढे त्यांनी जी पद्धत उभी केली तिचे चार आधार: नजर, बोलणं, स्पर्श आणि माणसाला शक्य तितकं उभं ठेवणं. नजर समोरून, डोळ्यांच्या पातळीवर. बोलणं सतत, समोरून उत्तर येत नसेल तर आपले हात काय करतायत तेच शब्दांत सांगत राहायचं. आणि स्पर्श असा की मनगट वरून चिमटीत धरायचं नाही, खालून आधार द्यायचा. हे वाचताना मला मावशींचं ते स्टूल आठवत होतं. त्यांना कुणी शिकवलं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "माझी सासू पाच वर्षं अंथरुणावर होती. तिनं शिकवलं. चुकलं की चावायची."

तिथे मदतनीस बायकांना सगळेच 'मावशी' म्हणतात. मीही म्हणतो, इथेही तेच लिहितोय. चांगला शब्द आहे, जवळचा आहे. पण नात्याचं नाव दिलं की पगाराचं बोलणं मागे पडतं, हे मला आता जाणवतं. मावशीला कौशल्य असतं असं आपण म्हणत नाही, माया असते असं म्हणतो. माया असेलही. पण मनगट वाकवलं की बोटं सुटतात हे मायेनं कळत नाही. ते ज्ञान आहे, आणि ते फाइलमध्ये न लिहिता एका बाईच्या हातात ठेवून आपण निर्धास्त होतो. त्या सकाळी परात रिकामी करताना मी त्यांचे हात पाहिले. सारख्या साबणानं आणि सॅनिटायझरनं पेरांवर भेगा पडलेल्या, एक भेग चिकटपट्टीनं झाकलेली.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात आपल्यात. निवास पाहायला गेलो तेव्हा आम्हाला बाग दाखवली, वाचनालय दाखवलं, रॅम्प आणि कठडे दाखवले. आम्हीही तेच पाहिलं. मिटलेलं ते कुणी दाखवलं नाही आणि आम्हीही उघडायला सांगितलं नाही. सकाळी सहा ते नऊ एका माणसाकडे किती जण, हा एक प्रश्न तरी विचारायला हवा होता. दात कोण घासतं, हाही. तोंड हीसुद्धा एक झाकली मूठच. जपानमध्ये ११ निवासी केंद्रांत दोन वर्षं चाललेला एक अभ्यास आहे, २००२ मध्ये तो सविस्तर प्रसिद्ध झाला. काही रहिवाशांचे दात प्रत्येक जेवणानंतर नीट घासून दिले गेले, काहींचं नेहमीसारखं चालू राहिलं. नेहमीसारखं चाललं त्यांच्यातल्या १९ टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, घासून दिलेल्यांत ११ टक्के. ब्रश, मऊ हात, वेळ आणि अधूनमधून दंतवैद्याकडून सफाई, एवढंच काय ते जास्तीचं. मी तेव्हापासून शनिवारी आत्याचं तोंडही पाहतो. तिला आवडत नाही. तरी 'आ' करते, डॉक्टरसमोर करावा तसा.

मावशींनी मला मूठ उघडायला शिकवलं. पहिले दोन शनिवार माझ्याकडून अंगठा निघालाच नाही. मी टोकाला धरत होतो. तिसऱ्या शनिवारी निघाला. आता पलंगाच्या डावीकडच्या भिंतीवर एक कागद लावलाय, माझ्या अक्षरात, मावशींच्या शब्दांत, आणि त्यांच्या हातांचे चार फोटो. नव्या मुलीही तो बघून करतात. तक्त्यात 'डावी मूठ' असा नवा रकाना आलाय आणि त्यात रोज टिक असते. पहिल्या आठवड्यात मला बरं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात पाहिलं तर गुरुवार आणि शुक्रवारच्या टिका एकाच पेनानं, एकाच झोकात केल्यासारख्या दिसल्या. असतीलही सरळ मनानं केलेल्या. मी फाइल बंद केली आणि तळव्याशी नाक नेलं. साबणाचा वास होता. आता दर शनिवारी मी तेच करतो, आल्या आल्या, खुर्ची डावीकडे ओढून.

गेल्या शनिवारी नखं वाढलेली होती. परातीत हात ठेवला, पाणी ढगाळ व्हायचं थांबेपर्यंत ठेवला, बेचक्या पुसल्या. तिच्या चेहऱ्यासमोर चेहरा आणून थांबलो. मान वळायला वेळ लागला. मग तिनं पाहिलं, आधी माझ्याकडे, मग टॉवेलवर उघड्या पडलेल्या त्या हाताकडे.

"आत्या, नखं कापतोय. कुठल्या बोटापासून?"

ती बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "करंगळीपासून. त्याला करंगळीपासूनच लागतं."

"कुणाला?"

"हळू काप. आत्ताच आंघोळ झालीय त्याची."

मी तिचं बोट अंगठ्यात नि तर्जनीत वेगळं धरलं, बाकीची तीन मुठीत घेतली, आणि करंगळीपासून सुरुवात केली.